विनंती थांबा

नाक्यावरून वायरलेसवर निरोप आला तेव्हा नियंत्रक बाई डेपोच्या वर्कशॉपमध्ये पिठाची पोती उतरवून घेत होत्या. निरोप तुटक होता. परत येणाऱ्या तिसऱ्या ट्रकमध्ये माणसं सापडली. ड्रायव्हरला बसवून ठेवलंय. उद्याचा ताफा रद्द.

"तिसरा ट्रक म्हणजे हळूमामा," पाना म्हणाला. पाना हा डेपोचा मेकॅनिक. हातातली वस्तू कधी खाली ठेवत नसल्यामुळे नाव तेच पडलं होतं. "काहीतरी घोटाळा आहे, बाई. रस्त्यात म्हैस आडवी आली तर मामा तिलासुद्धा 'तुम्ही आधी' म्हणतो. तो नियम मोडेल?"

"तेच विचारायला जायचंय. जीप काढ."

लढाई सुरू झाल्यापासून या डेपोतून एकही बस सुटली नव्हती. बस आगाराच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या जागेवर मदतीचे ट्रक उभे राहत. बाई पूर्वी बसचं वेळापत्रक सांभाळत, आता ट्रकचं सांभाळत होत्या. चौकशीच्या खिडकीत औषधांची खोकी होती, वाहकांच्या विश्रांतिगृहात ब्लँकेट. नदीपलीकडे एक बंद सूतगिरणी होती आणि मधल्या गावांतून पळालेली माणसं तिथे राहत होती. गिरणी होती पलीकडच्यांच्या ताब्यात, पीठ होतं अलीकडे. बऱ्याच भवति न भवतीनंतर दोन्ही बाजूंनी एवढंच मान्य केलं होतं: ठरल्या दिवशी तीन ट्रक जातील, फक्त माल नेतील, रिकामे परत येतील. मध्ये कोणी चढणार नाही, कोणी उतरणार नाही.

उद्याच्या ट्रकमध्ये पिठाबरोबर डिझेलची पिंपं जायची होती. गिरणीला विहीर नव्हती. नदीतलं पाणी उपसून गाळायच्या हौदात सोडणारा पंप डिझेलवर चालायचा आणि त्याच्या टाकीत उद्या संध्याकाळपुरतंच डिझेल होतं.

बाई जीपकडे निघाल्या तशा विश्रांतिगृहाच्या दारात मामी आल्या. मामी म्हणजे हळूमामांची बायको. ब्लँकेटच्या गठ्ठ्यांचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांची एकुलती एक लेक सूतगिरणीत होती. जावई तिथला पंप चालवायचा, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं, आणि त्याला सोडून ती हलत नव्हती. तिला बाळ झालं तेही तिथेच.

"माणसं सापडली म्हणे यांच्या गाडीत," मामी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "बाई, लेकीला आणलं का हो त्यांनी?"

बाईंच्याही मनात तेच आलं होतं. "बघून येते," त्या म्हणाल्या.

"आणलं असेल तर रागवा त्यांना. पण थोडं."

नाका पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी होता. पूर्वी तिथे टोल घेत. टोलच्या खोलीत आता एक टेबल, दोन खुर्च्या, वायरलेसचा संच आणि भिंतीला टेकवलेलं बाक. बाकावर चौघं बसली होती: एक म्हातारा, एक बाई, दोन मुलं. म्हाताऱ्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं शिवणयंत्र होतं. पायाखालचं लाकूड आणि चाक मागे राहिलं असावं. यंत्राचं नुसतं डोकं घेऊन तो बसला होता. बाळ नव्हतं. मामांची लेक नव्हती.

मामा कोपऱ्यात उभे होते. बाईंना पाहून त्यांनी टोपी काढली.

"कोण ही माणसं, मामा?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"शिंपी आहेत. ती सून, ही नातवंडं. ते गाडीत बसल्यावर कळलं." मामांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "पुलाच्या पलीकडे आपला थांबा आहे ना बाई, शेडचा. तिथे उभे होते. हात केला."

"बरं. मग?"

"मग गाडी थांबली."

"गाडी थांबली का तुम्ही थांबवली?"

"पाय ब्रेकवर गेला. सगळी नोकरी त्या रस्त्यावर झाली, बाई. विनंती थांबा आहे तो. हात केला की थांबायचं. पाय गेला आणि मग डोक्यात आलं की आपण बस चालवत नाही. तोवर म्हातारा पायरीवर चढला होता. त्याला खाली उतर म्हणवेना."

"आणि तुमची मुलगी? तिला आज भेटलात?"

"भेटलो की. दर खेपेला म्हणते, बाळाला तरी घेऊन जा. मी म्हणतो, नियम आहे." मामांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्यातली विसंगती त्यांच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. ती त्यांना दुपारपासून खात असावी.

नाक्यावरचे साहेब वयाने तरुण होते आणि चार दिवस न झोपल्यासारखे दिसत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "मॅडम, हे बघा. पलीकडच्यांचा माणूस त्या टेकडीवर दुर्बीण लावून बसलेला असतो. ट्रक थांबला, माणसं चढली, हे त्याने पाहिलंच असणार. आता ते म्हणणार, मदतीच्या नावाखाली आम्ही आमची माणसं काढतोय. उद्या म्हणतील हत्यारं आणतोय. परवा ट्रकवर गोळी झाडतील. गेलेला ड्रायव्हर माझ्या माथी."

"खरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. "मग मान्य ना? ताफा बंद. वरून हुकूम येईपर्यंत."

"वरचा हुकूम किती दिवसांत येतो?"

"आठवडा धरा."

"पंप उद्या संध्याकाळी बंद पडतो. गिरणीतली माणसं नदीचं गढूळ पाणी प्यायला लागतील. आणि साहेब, त्याच पंपाचा एक फाटा पुलावरून तुमच्या नाक्याला येतो. पलीकडच्यांच्या चौकीलाही तोच. पाणी कोणाच्या बाजूचं ते काही पाइपला कळत नाही."

"धमकी देताय?"

"नाही. मी बारा गाड्यांची डोकेदुखी सांभाळणारी बाई आहे, धमक्या कुठून देऊ? नळ कधी बंद पडेल ते आधी सांगून ठेवतेय. बादल्या भरून ठेवा."

बाहेर जीपला टेकलेल्या पान्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्हीच सांगा, काय करायचं?"

"त्यांना सांगायचं."

"कोणाला?"

"पलीकडच्यांना. जे झालं ते, जसं झालं तसं. सगळ्यांना ऐकू येणाऱ्या वाहिनीवर. तुम्हाला जे शब्द सांगेन तेच त्यांना."

"म्हणजे आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडायची? हात दाखवून अवलक्षण."

"त्यांनी पाहिलंय असं तुम्हीच म्हणालात. अपघात झाला की आमच्याकडे एक पद्धत आहे. गाडी हलवायच्या आत ड्रायव्हरचा जबाब, समोरच्याच्या देखत. उशीर झाला की प्रत्येकाची गोष्ट वेगळी होते. दोन तास झालेत. आणखी दोन तासांनी त्या टेकडीवरचा माणूस चार जणांचे चाळीस करेल."

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. मग वायरलेसचा संच बाईंकडे सरकवला. "तुमच्या नावावर बोला. माझ्या नाही."

"माझ्याच."

बाईंनी काही लिहून घेतलं नाही. बटण दाबून त्या बोलल्या, बस फलाटावर लागल्याची घोषणा करतात तशा एका सुरात. "डेपोकडून दोन्ही बाजूंना. आज परतीच्या तिसऱ्या ट्रकने शेडच्या थांब्यावर चार माणसं घेतली. एक म्हातारे शिंपी, त्यांची सून, दोन मुलं. सामानात एक शिवणयंत्र. हत्यार नाही. नाक्यावर झडती झाली आहे. चूक आमच्या ड्रायव्हरची, म्हणजे माझी. तो ड्रायव्हर उद्यापासून रस्त्यावर नसेल. उद्याचा ताफा ठरल्या वेळी निघावा अशी विनंती. पहिल्या गाडीत मी स्वतः बसेन. दोन्ही टोकांना हवी तशी झडती घ्या. ट्रकमध्ये पीठ आणि पंपाचं डिझेल आहे. उत्तराची वाट पाहते."

संच खरखरत राहिला. पलीकडून कोणी बोलेना.

कोपऱ्यात मामांनी टोपी घातली आणि पुन्हा काढली. 'तो ड्रायव्हर रस्त्यावर नसेल' हे शब्द त्यांनी ऐकले होते. त्यांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या रस्त्याच्या टोकाला त्यांची लेक होती.

बाकावरचा म्हातारा शिंपी उठला. "आमच्यामुळे एवढं होत असेल तर आम्ही जातो परत. आलो तसे."

"बाबा, खाली बसा," सून म्हणाली. "आलो तसे म्हणे. रात्री पाय कोणाचे सुजले होते? चेपले कोणी?"

"तुला बोलायला सांगितलं का?"

"तुम्हाला तरी कोणी सांगितलंय? त्या मॅडम बोलतायत ना. त्यांना बोलू द्या."

धाकट्या मुलाने विचारलं की इथे पाणी आहे का. साहेबांनी स्वतः उठून माठातलं पाणी दिलं. पाणी दिल्यावर ते माठाकडे क्षणभर बघत राहिले.

ऊन खिडकीतून टेबलावर आणि टेबलावरून जमिनीवर उतरलं तेव्हा संच बोलला. आवाज जाड होता, थोडा वैतागलेला. "पलीकडून डेपोला. तो ड्रायव्हर पुन्हा दिसता कामा नये. सोबत म्हणून नाही, हमाल म्हणून नाही. झडती दोनदा होईल, पोतीसुद्धा टोचून बघू. ताफा येऊ दे." थोडं थांबून, "डिझेल पुरेसं आणा. मागच्या वेळी कमी पडलं होतं."

बाईंनी फक्त "समजलं" म्हटलं.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "ठीक. ताफ्याचं झालं. आता या चौघांचं. नियम मोडून आलेत, त्यांना जिथून आणलं तिथे सोडून या."

"कशात घालून?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"त्या रस्त्यावर जायची परवानगी फक्त मदतीच्या ट्रकला आहे. ट्रकमध्ये माणसं घालायची नाहीत, जाताना नाही आणि येतानाही नाही. त्यासाठीच तर एवढं रामायण झालं. मी यांना ट्रकमध्ये घालून परत नेलं तर उद्या तुम्ही मला याच बाकावर बसवाल."

"मग चालत जातील."

"पुलावर पायी जायला बंदी आहे. तुमचाच हुकूम, बाहेर फळ्यावर लावलाय."

साहेबांनी बाहेरच्या फळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "तुम्ही डेपोत काय काम करता म्हणालात?"

"वेळापत्रक."

"तरीच." ते उठले. "घेऊन जा. अलीकडे कुठेही जायला बंदी नाही. पण मॅडम, दुसऱ्यांदा हा युक्तिवाद चालणार नाही."

"दुसऱ्यांदा करणारही नाही. त्या थांब्यासाठी एक बस मागणार आहे. रीतसर, दोन्ही बाजूंकडे."

"मिळणार नाही."

"आज नाही मिळणार," बाई म्हणाल्या आणि मुलांना उठवलं.

डेपोत मामी फाटकाशीच उभ्या होत्या. जीपमधून शिंपी उतरला, सून उतरली, मुलं उतरली, यंत्र उतरलं. मामी जीपच्या आत वाकून बघत राहिल्या. आत आणखी कोणी नव्हतं. मागून ट्रक घेऊन आलेल्या मामांना त्यांनी गाठलं.

"ही कोण?"

मामांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, तरी शेवटी उद्यापासून आपल्याला जाता येणार नाही हेही सांगावं लागलं.

मामी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. "पोटची पोर बाळ पुढे करून उभी राहायची, तेव्हा यांना नियम आठवायचा," त्या म्हणाल्या. "परक्याने नुसता हात केला आणि यांचा पाय ब्रेकवर. एवढी वर्षं संसार केला, पण हा माणूस माझा नवरा आहे का महामंडळाचा, ते अजून कळलं नाही मला."

"मामी," बाई म्हणाल्या, "त्या लेकरांना ब्लँकेट हवीत."

"देते. त्यांचा काय दोष." मामींनी पदराने तोंड पुसलं आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं. यंत्र इकडे ठेव, भिंतीशी. कोणी हात लावणार नाही."

मामांच्या जागी उद्या पाना जाणार होता, बाईंबरोबर पहिल्या ट्रकवर. दुसरा मोकळा माणूस नव्हता. मामांनी त्याला गाडीच्या बॉनेटपाशी उभं केलं आणि रस्ता सांगायला सुरुवात केली. पुलावर मधली पट्टी खचली आहे, चाकं तिच्या दोन्ही बाजूंना ठेव. पूल संपला की उतार, न्यूट्रल करू नकोस. पलीकडच्या चौकीवर दिवे बंद कर, काच खाली घे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव.

"माहीत आहे मामा, गाड्या दुरुस्त करतो मी."

"दुरुस्त करणं वेगळं. तू गाडीला उघडून बघतोस, मी तिच्यात बसतो." मग मामा म्हणाले, "शेड आली की डावीकडे बघू नकोस. अजिबात नाही. बघितलंस की पाय जाईल."

"माझा नाही जाणार. मी कधी बस चालवली नाही."

मामा बाईंकडे आले. बाई गोदामात बसच्या जुन्या पाट्या उलथ्यापालथ्या करत होत्या.

"बाई, मी टोपी बदलून, मागे पोत्यांमध्ये..."

"नाही, मामा."

"पिंपं उतरवायला माणूस लागेलच की."

"लागेल. तो दुसरा असेल. त्यांनी हमालसुद्धा नाही म्हटलंय आणि मी हो म्हटलंय. मी उद्या खोटी ठरले तर परवा कोणीच जाणार नाही."

मामा मान हलवून उभे राहिले. "मग निरोप तरी न्या. सांगा, बाबांना बरं नाही."

"ती काळजी करत बसेल. आणि खरं तिला कळणारच."

"मग खरं सांगा," मामा म्हणाले आणि ट्रकची हवा बघायला गेले.

बाईंना हवी तशी पाटी सापडली. गावाचं नाव खरवडून पान्याने त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं: ही गाडी थांबणार नाही. ती पहिल्या ट्रकच्या कपाळावर बसली, बसची पाटी बसते तिथेच.

सकाळी नाक्यावर पोती टोचून बघितली गेली. पुलापलीकडे पुन्हा टोचली. चौकीवरच्या जाड आवाजाच्या माणसाने पिंपांची झाकणं उघडून वास घेतला आणि बाईंकडे नीट पाहिलं. "वायरलेसवर तुम्हीच होता?"

"मीच."

"आमच्याकडे चूक झाली की आधी शिपायाला दोष देतात," तो म्हणाला आणि फाटक उघडायला लावलं.

उतार संपला. पाना दुसऱ्या गिअरमध्ये होता. पुढे शेड दिसली आणि शेडमध्ये माणसं. ट्रक थांबतो ही बातमी रात्रीत पसरली असावी. गाठोडी होती, एका खाटेवर कोणी झोपवलेलं होतं, एका बाईच्या हातात पिंजरा होता. ट्रक दिसताच सगळे उठले आणि हात वर झाले.

"बाई," पाना म्हणाला. त्याचे डोळे समोर होते, पण आवाज बदलला होता. "सांगा काहीतरी. माझा पण पाय जातोय."

"चालव."

"खाटेवर कोणीतरी आहे."

"मी बघतेय. तू बघू नकोस. मागे दोन गाड्या आहेत आणि पुढे पंप आहे. तिसरा टाक."

पान्याने तिसरा टाकला. काहींनी पाटी वाचली आणि हात खाली घेतले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं असावं. पिंजरावाल्या बाईने हात खाली घेतला नाही. ट्रक पुढे गेला तरी तो आरशात वरच होता. बाईंनी खिडकीतून वाकून सगळ्यांना नीट पाहून घेतलं: खाट एक, चालता न येणारे तीन, बाकी मुलं आणि बायका. बस मागताना हे सांगावं लागणार होतं. मग त्या आत वळल्या.

गिरणीच्या फाटकाशी मामांची लेक उभी होती. बाळ तिने ओढणीने छातीशी बांधलं होतं. माल उतरवून घेणाऱ्यांत ती पुढे असायची, म्हणून तिथे असणं साहजिक होतं, पण ती तिसऱ्या ट्रकशी जाऊन आली आणि मग बाईंकडे आली.

"बाबा नाही आले?"

"नाही. आता येणार नाहीत." बाईंनी सगळं सांगितलं. शेड, शिंपी, नाका, पलीकडच्यांची अट, आणि ती आपण मान्य केली हेही. मध्ये काही गाळलं नाही.

मुलगी ऐकत राहिली. बाळ चुळबुळलं तसं तिने त्याच्या पाठीवर थोपटलं. "त्या लोकांना परत पाठवलं?"

"नाही. डेपोत आहेत. तुझ्या आईने ब्लँकेट दिली."

"आई काय म्हणाली बाबांना?"

"म्हणाली, माझा नवरा आहे का महामंडळाचा."

मुलीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणीही. तिने ते मनगटाने पुसलं. "मी लहान असताना शाळेतून त्यांच्याच बसने यायचे. एकदा थांब्यावर नव्हते, चार पावलं पुढे होते. हात केला. थांबवली नाही. घरी आल्यावर म्हणाले, थांब्यावर उभं राहायचं." तिने ओढणीची गाठ घट्ट केली. "मला शेडपर्यंत चालत जायचं सुचलंच नाही."

"मी त्या थांब्यासाठी बस मागतेय," बाई म्हणाल्या. "मिळाली तर चालवणारा दुसरा असेल. कधी मिळेल ते सांगू शकत नाही. पण प्रत्येक ताफ्याला मागणार."

"आणि नाही मिळाली तर?"

"पुढच्या ताफ्याला परत मागणार."

मुलीने बाईंकडे पाहिलं, मग आवाज चढवून पंपाच्या खोलीकडे हाक मारली. "अहो, डिझेल आलंय. पहार घेऊन या, पिंपांची झाकणं घट्ट आहेत." ती बाईंकडे वळली. "बाबांना सांगा, बाळ आता मान धरतं."

"आणखी काही?"

"नाही. एवढं पुरे आहे त्यांना आठवडाभर."

पाना ट्रकचं मागचं फाळकं खाली घेत होता. पहिलं पिंप कडेला आलं. बाईंनी एका बाजूने हात लावला, लेकीने बाळाला पाठीवर सरकवून दुसऱ्या बाजूने, आणि पिंप फळीवरून हळूहळू खाली आलं.